दचक्यापासून आरंभापर्यंत

आजच्या भाषणाचा विषय म्हणजे एक शब्द आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो मी तुम्हाला शिकवायला नको. ज्या घरच्या विहिरीवर मोटर आहे, त्या घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही तो ठाऊक असतो. शब्द आहे ‘स्टार्ट’. गाडी स्टार्ट झाली, मोटर स्टार्ट होत नाही, स्टार्टर जळाला, ही वाक्ये आपण मराठी म्हणूनच बोलतो. ह्या शब्दाचा अर्थ काय, असे विचारले तर शाळेतले मूल चटकन सांगेल, ‘सुरुवात करणे’. उत्तर बरोबर आहे. पण ते अपुरे आहे. आणि ते अपुरे कसे, हे मला हातावर पट्टी खाऊन कळले. तेव्हा तिथूनच आरंभ करतो.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होई. मी सातवीत होतो. गुरुजींनी फळ्यावर एक वाक्य लिहिले, ‘द हॉर्स स्टार्टेड ॲट द साउंड’, आणि मला उभे केले. वाक्यातला एकूण एक शब्द मला येत होता. हॉर्स म्हणजे घोडा, साउंड म्हणजे आवाज, आणि स्टार्ट म्हणजे सुरुवात करणे. मी मोठ्या ऐटीत सांगितले, ‘घोड्याने आवाजाला सुरुवात केली.’ घोडा खिंकाळू लागला, असेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते. वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पट्टी टेबलावर खाडकन आपटली. मी दचकलो. दुसरी पट्टी माझ्या हातावर बसली. ‘घोडा दचकला, असं म्हण!’ मी तसे म्हटले आणि खाली बसलो. ‘स्टार्ट’चा अर्थ दचकणे का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या संध्याकाळी विहिरीवर वडील डिझेल इंजिनला हँडल मारीत होते. मी विचारले, ‘आप्पा, स्टार्ट म्हणजे काय हो?’ आप्पांची शाळा चौथीपर्यंतची. हातातले हँडल न सोडता ते म्हणाले, ‘हिसका. हिसका दिल्याबिगर काय हलतंय का?’

पुढे महाविद्यालयात शिकवू लागल्यावर ह्या शब्दाचा इतिहास वाचण्यात आला, आणि माझ्या ध्यानात आले की आप्पांचे उत्तर आमच्या शब्दार्थांच्या वहीपेक्षा मुळाच्या अधिक जवळ होते.

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे आणि लढाया येतात. पण शब्दांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा राजांच्या इतिहासापेक्षा जुना असतो. इंग्रजीत आरंभासाठी मूळचा घरचा शब्द ‘बिगिन’. पुढे १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम ह्याने इंग्लंड जिंकले. दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच झाली, आणि तिच्याबरोबर आरंभाचा दुसरा शब्द आला, ‘कमेन्स’. आपल्याकडे फारसी अंमलात दरबारी शब्द आले, तसाच हा प्रकार. आजही इंग्रजीत घरात बसून बोलताना कोणी ‘कमेन्स’ म्हणत नाही. तो समारंभाचा आणि कागदपत्रांचा शब्द राहिला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत पदवीदान समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणतात. शिक्षण संपले त्या दिवसाचे नाव आरंभ! पण त्यात विसंगती नाही. विद्यार्थी म्हणून जे संपते, तेच पदवीधर म्हणून सुरू होते.

मग हा तिसरा शब्द, ‘स्टार्ट’, त्या वेळी कुठे होता? तो इंग्रजीत होता. फक्त आरंभाच्या घरी राहत नव्हता. त्याचा जुना अर्थ होता उसळणे, उडी मारणे, एकदम झेप घेणे. त्याचे सख्खे भाऊबंद आजही शेजारच्या भाषांत आहेत. जर्मन भाषेत ‘श्ट्युर्त्सेन’ म्हणजे कोसळणे किंवा झेपावणे, आणि डच भाषेत ‘स्टॉर्टेन’ म्हणजे ओतणे, कोसळणे. सगळीकडे मूळ कल्पना एकच, अचानक झालेली जोराची हालचाल. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर हा शब्द वापरतो, तेव्हा त्याची माणसे जागेवरून ताडकन उठतात. ती कशाचा आरंभ करीत नाहीत.

ह्या उडीतून पुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट माणसाच्या अंगाकडे वळली. मोठा आवाज झाला, की पाय जमिनीवर असले तरी अंग आतल्या आत उडी मारते. आपण म्हणतो तो दचकला, घोडा बिचकला, बैल बुजला. इंग्रजीत त्या सगळ्याला ‘स्टार्ट’ हे एक क्रियापद पुरे झाले. दचकवणे ह्या अर्थाचा ‘स्टार्टल’ हा शब्दही ह्याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ तर पाय झाडणे असा होता.

शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ नाटक आपल्यापैकी काहींना माहीत असेल. शिवराम महादेव परांजपे यांनी ते ‘मानाजीराव’ ह्या नावाने मराठीत आणले होते. त्यात चेटकिणी मॅकबेथला सांगतात की, तू पुढे राजा होणार आहेस. बातमी किती आनंदाची! पण मॅकबेथ ती ऐकून दचकतो, आणि त्याचा सोबती बँको त्याला विचारतो की, एवढी चांगली गोष्ट ऐकून तू दचकलास का? तिथे शेक्सपिअरने ‘स्टार्ट’ हेच क्रियापद घातले आहे. मॅकबेथ दचकतो, कारण राजाला मारण्याचा विचार त्याच्या मनात उभा राहिलेला असतो. पुढच्या साऱ्या रक्तपाताचा आरंभ त्या एका दचक्यात आहे. शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे एकमेकांच्या किती जवळ उभे आहेत, पाहा. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली दोन जाड खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातही ह्या शब्दाखाली पहिला मान दचकण्याच्या अर्थालाच आहे. म्हणजे आमच्या गुरुजींचा घोडा निदान दोनअडीचशे वर्षांपूर्वी आडवाटेचा मुळीच नव्हता, तो हमरस्त्यावरच होता.

दुसरी वाट शिकारीच्या रानातून गेली. आपल्याकडे शिकारीत हाकारे घालून ससा उठवतात. झुडपात दबलेला ससा आरडाओरडा ऐकून एकदम उसळी घेतो, आणि मग त्याच्यामागे कुत्री लागतात. इंग्रज शिकारीही सशाला ‘स्टार्ट’ करीत, म्हणजे उठवीत. इथे शब्दाने एक मोठे वळण घेतले. आतापर्यंत प्राणी स्वतः उडी मारीत होता. आता त्याला कोणीतरी उडी मारायला लावतो. आणि ससा उठला, की शिकार सुरू होते! उठवणे आणि सुरू करणे ह्या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात. शब्दांचे अर्थ बदलतात ते असे. कोणी सभा भरवून ठराव करीत नाही. दोन गोष्टी वारंवार एकत्र घडतात, आणि एकीचे नाव हळूच दुसरीला चिकटते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एखादी गोष्ट चालू करणे ह्या अर्थाने हा शब्द वापरात आलेला दिसतो.

घोड्यांच्या आणि माणसांच्या शर्यतींनी तो अर्थ पक्का केला. रेषेवर सगळे दबा धरून उभे असतात, इशारा होतो आणि सगळे एकदम उसळतात. ही उसळीही आहे आणि आरंभही आहे. इशारा देणाऱ्याला ‘स्टार्टर’ म्हणू लागले. इशाऱ्याआधीच जो सुटला, त्याचा ‘फॉल्स स्टार्ट’. आणि कमी ताकदीच्या धावकाला थोडे पुढून धावू दिले, तर तो ‘हेड स्टार्ट’. हा शेवटचा शब्द शिक्षक बंधुभगिनींनी लक्षात ठेवावा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द शांतपणे निघण्यालाही लागू झाला. गावाला निघणे, प्रवासाला निघणे ह्यालाही ‘स्टार्ट’ म्हणू लागले, आणि मग त्यात उडीही उरली नाही आणि दचकाही उरला नाही. आपल्या रेल्वे स्टेशनात गाडीला निघण्याची परवानगी देणाऱ्या सिग्नलला रेल्वेची माणसे ‘स्टार्टर’ म्हणतात. आठशे टन वजनाची गाडी त्या हिरव्या दिव्याखाली किती सावकाश हलते! शब्द मात्र उडी मारणाराचा.

ह्या शब्दाचा एक अर्थ मला वाचतानाही बोचला. ब्रिटिश आरमारात जुन्या काळी एक रीत होती. खलाशी कामाला लवकर हात घालीना, तर वरचा मुकादम त्याच्या पाठीवर गाठ मारलेल्या दोरीचा तुकडा किंवा वेताची छडी ओढी. ह्या मारण्याला ‘स्टार्टिंग’ म्हणत, आणि त्या दोरीला ‘स्टार्टर’. ह्याची चौकशी नसे आणि नोंदही नसे. रीतसर फटक्यांची शिक्षा वेगळी; हा रोजचा मार होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आरमाराच्या वरिष्ठांनी ही चाल बंद केली. सशाला उठवायचे त्याच रीतीने माणसाला उठवायचे, असा तो मामला होता. ते वाचताना मला माझी पट्टी आठवली. गुरुजींनी मला त्या दिवशी, शब्दाच्या अगदी जुन्या अर्थाने, ‘स्टार्ट’ केले होते.

आता ह्याच कुळातल्या एका शब्दाची मौज सांगतो. जो एकदम उसळून वर आला, तो ‘अपस्टार्ट’. आपण ‘कालचा पोर’ म्हणतो किंवा ‘उपटसुंभ’ म्हणतो, त्याच्या जवळपासची ही शिवी. १५९२ साली लंडनमध्ये रॉबर्ट ग्रीन ह्या लेखकाच्या नावावर त्याच्या मृत्यूनंतर एक पुस्तिका निघाली. तिच्यात एका नव्या नाटककाराला ह्याच शब्दाने हिणवले आहे, आणि त्याला उसन्या पिसांनी नटलेल्या कावळ्याची उपमा दिली आहे. तो कावळा म्हणजे शेक्सपिअर, असे अभ्यासक मानतात. पुढे शेक्सपिअरने स्वतःच्या एका नाटकात एका मत्सरी पात्राच्या तोंडी हाच शब्द उलटा करून घातला, ‘स्टार्ट-अप’. तोही हिणवण्यासाठीच! आणि आज? १६ जानेवारी २०१६ रोजी भारत सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ ही योजना सुरू केली. नवा उद्योग काढणारा तरुण आता अभिमानाने सांगतो की, माझा स्टार्टअप आहे. चारशे वर्षांत शिवीचा सन्मान झाला. समाज जेव्हा वर येणाऱ्याकडे तुच्छतेने पाहतो, तेव्हा शब्द शिवी होतो. आणि समाजाला जेव्हा वर येणाऱ्यांची गरज भासते, तेव्हा तोच शब्द पदवी होतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. जे जे सारखे ऐकू येते, ते सारे एका कुळातले नसते. हिवाळ्यात आपल्या शेतमळ्यांतून एक लहानसा पाहुणा पक्षी दिसतो. त्याची तांबूस शेपटी सारखी थरथरत असते, म्हणून आपण त्याला थिरथिरा म्हणतो. त्याचे इंग्रजी नाव ‘रेडस्टार्ट’. पण ह्या ‘स्टार्ट’चा आरंभाशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओर्ट’ म्हणजे शेपूट. म्हणून रेडस्टार्ट म्हणजे लालशेपट्या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हन परगण्यात ‘स्टार्ट पॉइंट’ नावाचे भूशिर आहे. तेही समुद्रात शेपटासारखे घुसले आहे म्हणून. मराठीत मोत्यांचा सर आणि वर्गावरचे सर ह्यांचे नाते लावू नये, तसेच हे. शब्दाचा इतिहास सांगताना नुसत्या आवाजावर विसंबून चालत नाही.

आता यंत्रांकडे येऊ. कारण यंत्रांनीच हा शब्द आपल्या गावात आणला. मोटारगाडीचे इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. ते एकदा बाहेरून फिरवावे लागते, म्हणजे मग त्यात स्फोट होऊ लागतात आणि ते आपले आपण चालते. सुरुवातीच्या मोटारींना पुढून हँडल घालून ते फिरवीत. कधी कधी इंजिन उलटा हिसका देई आणि फिरवणाराचे मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग ह्या इंजिनिअराने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक मोटारींना तो बसवला गेला. तेव्हापासून नुसते बटण दाबून गाडी सुरू करणे शक्य झाले.

आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ह्या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. एस. टी. गावोगाव गेली, पाठोपाठ ट्रक आले, विहिरींवर डिझेल इंजिने आली, आणि त्यांच्याबरोबर हे शब्दही आले. पण आपल्या माणसांनी ते नुसते उचलले नाहीत, आपल्या हातांनी घडवले. हँडल मारणे, किक मारणे ही क्रियापदे कोणत्या पंडिताने बनवली? आणि सगळ्यांत नामी शब्द म्हणजे ‘धक्कास्टार्ट’. बॅटरी उतरलेली जीप किंवा जुनी फटफटी चारजण ढकलतात, चालक मध्येच गियर टाकतो, गाडीला हिसका बसतो आणि ती धडधडू लागते. पाचशे वर्षांपूर्वी त्या शब्दात जो हिसका होता, तो इंग्रजीत झिजत गेला, आणि आपल्या गावच्या पोरांनी पुढे ‘धक्का’ लावून तो नकळत परत आणला. आप्पांचे ‘हिसका दिल्याबिगर’ ते हेच.

शेतीपंपाचा स्टार्टर मात्र नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्याचे काम नावाच्या उलट आहे. विजेची मोटर उभी असताना तिला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली, तर ती नेहमीपेक्षा साधारण पाच ते सात पट विद्युतप्रवाह खेचते. लहान मोटर हे सोसते. मोठी मोटर असली तर तारा तापतात, दाब पडतो, शेजारच्या मोटरी गुरगुरू लागतात. म्हणून मोठ्या मोटरीला ‘स्टार-डेल्टा’ स्टार्टर बसवतात. तो मोटरीची वेटोळी आधी अशा रीतीने जोडतो की प्रवाह एकतृतीयांशावर येतो. मोटर सावकाश फिरू लागते, वेग घेते, आणि मग तो जोडणी बदलून पूर्ण दाब देतो. म्हणजे स्टार्टर हा झटका देणारा नाही, झटका आवरणारा आहे! ह्याच्या उलट प्रकारही तुम्ही पाहिला असेल. रात्री लाईट येईल तेव्हा रानात जायला नको, म्हणून सगळेजण स्टार्टर ‘ऑटो’वर टाकून ठेवतात. त्यात त्यांचा दोष तरी कसा काढावा? रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून, बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जाणे सोपे नाही. पण लाईट आली की साऱ्या शिवारातल्या मोटरी एकाच क्षणी उसळतात, आणि त्या भाराने डीपी जळते. मग आठ-आठ दिवस कुणाचीच मोटर चालत नाही. सगळ्यांनी एकदम पूर्ण जोराने सुरुवात केली, म्हणजे सुरुवात होतेच असे नाही.

आणखीही स्टार्टर आहेत. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर बसणारा, दोनदा डोळे मिचकावून मग दिवा लावणारा तो एक. हॉटेलात जेवणाआधी येणारा तो दुसरा. आणि दुग्धशाळेत ‘स्टार्टर’ म्हणजे काय, ठाऊक आहे? आपले विरजण! कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचे आणि भांडे हलवायचे नाही. रात्रभरात सगळ्या दुधाचे दही होते. उसळणे, दचकणे हा ज्या शब्दाचा जन्म, तोच शब्द आज ज्या भांड्याला धक्काही लावायचा नसतो, त्या भांड्यातल्या विरजणाचे नाव होऊन बसला आहे.

तुम्ही म्हणाल, ही सारी इंग्रजीची गंमत झाली. आमच्या मराठीचे काय? मराठीच्या घरात आरंभाचे शब्द पाहिले, तर निरनिराळी कामकरी माणसे एका ओळीत येऊन उभी राहतात. ‘सुरुवात’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला. तो दरबाराबरोबर आला आणि घरचा झाला. ‘आरंभ’ संस्कृत, त्याच्या धातूचा अर्थ हात घालणे, धरणे. ‘उपक्रम’ ह्यात पाऊल आहे. मूळ अर्थ जवळ जाणे, आरंभ करणे. आज मात्र शाळेत उपक्रम म्हणजे वृक्षारोपण नाही तर वाचन-सप्ताह! ‘श्रीगणेशा’ पोथीच्या पहिल्या ओळीतला. ‘ओनामा’ हा जुन्या पंतोजींच्या शाळेतला, धुळाक्षरे गिरवण्याआधीच्या ‘ॐ नमः सिद्धम्’चा शिल्लक राहिलेला तुकडा. ‘नांदी’ नाटकवाल्यांची. ‘मुहूर्तमेढ’ मांडवाच्या पहिल्या खांबाची. ‘भवानी’ बाजारात बसणाऱ्या बाईच्या सकाळच्या पहिल्या विक्रीची. आणि चाड्यावर मूठ धरणे ही पेरणीची. लढाईला तोंड लागते, भांडणाला तोंड फुटते. इंग्रजांचा शब्द शिकारीतून, शर्यतीतून आला; आपले शब्द पोथीतून, मांडवातून, बाजारातून आणि वावरातून आले. ज्याला जे काम, त्याने त्या कामाच्या पहिल्या क्षणाला नाव दिले. कोशातला शब्द म्हणजे कोणाच्या तरी हाताचा ठसा असतो.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलतो आणि थांबतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले. म्हणजे ह्या परक्या भाषेशी आपल्या मुलांची पहिली गाठ सहाव्या-सातव्या वर्षी पडते. ती गाठ पडते ती बहुधा एका वहीपाशी. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, एकास एक. वही हवीच, तिच्यावाचून चालणार नाही. पण वहीतला अर्थ म्हणजे शब्दाच्या घराचा केवळ पुढचा दरवाजा आहे, एवढे तरी मुलाला सांगायला हवे. मी सातवीत जे चुकीचे वाक्य बोललो, ते आळसाने बोललो नव्हतो. मला शिकवलेला नियम मी प्रामाणिकपणे लावला होता. अशा चुकीला मार नको, प्रश्न हवा. ‘घोडा आवाज ऐकून काय करील, सांग बरं? तुझा बैल काय करतो?’ एवढे विचारले असते, तर ‘बुजला’ हा शब्द माझ्या तोंडून आपोआप आला असता. बैल मी रोज पाहत होतो.

मुलांना मारू नये, असे आता कायदाच सांगतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केली. पण पट्टी गेली म्हणून दचका गेला, असे समजू नका. वर्गाचे हसणे हाही एक दचकाच. ‘एवढंसुद्धा येत नाही?’ हाही दचकाच. खेड्यातले मूल इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसते, ते बुद्धी कमी असते म्हणून नव्हे. ते एकदा दचकलेले असते. त्यानंतर त्याचा खरा आरंभ व्हायला कधी कधी दहा वर्षे जातात. पुष्कळांचा होतही नाही. महाविद्यालयात माझ्यासमोर दर वर्षी अशी मुले येतात. तोंड उघडण्यापूर्वीच ती बिचकलेली असतात.

आणि त्यांना ‘हेड स्टार्ट’ देण्यासाठी लागते काय? काही खर्च लागत नाही. शेतकऱ्याचे मूल शाळेत येते ते स्टार्टर, फेज, फ्यूज, व्हॉल्व्ह, पाइप, बॅटरी, चार्जर असे कितीतरी इंग्रजी शब्द घेऊनच येते. ते नुसते शब्द आणीत नाही, त्यांचे कामही पाहून आलेले असते. त्याला वाटते, हे शब्द आपल्या रानातले. आणि पुस्तकातले इंग्रजी कुठले तरी दुसरेच. ‘अरे, हे इंग्रजीच आहे, आणि ते तुला येतंच आहे,’ असे ज्या दिवशी शिक्षक त्याला सांगतात, त्या दिवशी ते मूल शर्यतीत चार पावले पुढे उभे राहते.

मोटरसुद्धा पहिल्या क्षणाला पूर्ण दाब सोसत नाही. ती आधी कमी दाबावर फिरू द्यावी लागते. एकदा फिरू लागली, की मग पूर्ण भार खुशाल द्यावा. इंग्रजी शब्दाने दचक्यापासून विरजणापर्यंत येण्यास काही शतके घेतली. आपल्या वर्गात तेवढे अंतर एका तासात तोडता येते.

आप्पा आज असते, तर त्यांना मी सांगितले असते की, तुमचा अर्थ बरोबर होता, आप्पा. हिसका हाच मूळ अर्थ. आणि त्याबरोबर हेही सांगितले असते की, इंजिनला हिसका लागतो हे खरे, पण पोराला तो लागत नाही.